हॅगिसच्या आधी काय खावं? स्कॉटिश जेवणाची चव लावून घेताना

एडिनबरोला आमच्याकडे येणारे पाहुणे विमानतळावरून घरी पोचायच्या आत विचारतात, "ते हॅगिस कुठे चांगलं मिळतं गं?" आणि दुसऱ्याच दिवशी रॉयल माइलवरच्या दिसेल त्या पबमध्ये शिरून मोठी प्लेट मागवतात. अंगात प्रवासाचा शीण असतो, झोप पुरी झालेली नसते, बाहेर बोचरा वारा असतो आणि समोर येतं ओट्समध्ये शिजवलेलं मेंढीचं हृदय, कलेजी आणि फुप्फुस. दोन घासांनंतर काटा खाली ठेवला जातो आणि अख्ख्या स्कॉटिश जेवणावर काट मारली जाते. मला दर वेळी हळहळ वाटते. क्रम चुकला, एवढंच झालेलं असतं.

माझं माहेर रत्नागिरीजवळचं, नवरा कोल्हापूरचा. इथे आलो तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात हॅगिस खाल्लं आणि "अगं, ही तर वजडी आणि खिमा यांच्या मधली गोष्ट आहे," म्हणत पुन्हा वाढून घेतलं. मला त्याला हात लावायला आठ महिने लागले. उलट धुरावलेली मासळी मी पहिल्या दिवशी चाटूनपुसून खाल्ली आणि त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. सुकटीच्या वासात वाढलेलं नाक आणि रक्ती-मुंडीवर पोसलेली जीभ एकाच वाटेने जात नाहीत. म्हणून पहिला नियम हा: आपल्या ताटात आधीपासून जे होतं, त्याच्या सर्वांत जवळचा स्कॉटिश पदार्थ शोधा आणि तिथून सुरुवात करा. खाली दिलेला क्रम माझा आहे. तुमच्या घरात काय शिजत आलंय ते पाहून तो खुशाल मागेपुढे करा.

आधी पथ्य ठरवा

चवीच्या आधी हा प्रश्न मिटवायला हवा, कारण इथल्या पदार्थांत चरबी अनपेक्षित ठिकाणी सापडते. मूत्रपिंडाभोवतीची जी घट्ट चरबी असते तिला इथे 'सूइट' म्हणतात. ती बहुधा गाईची असते आणि हॅगिसमध्ये, ब्लॅक पुडिंगमध्ये, इतकंच काय, क्लूटी डम्पलिंग या गोड पदार्थातही पडते. गोमांस वर्ज्य असेल तर "हॅगिस मेंढीचं असतं" एवढ्यावर विसंबू नका, सूइट कशाची आहे ते विचारा. चौकोनी लॉर्न सॉसेज बहुधा गाईच्या मांसाचं, कधी डुकराचं मिसळून केलेलं. अॅबरडीनकडची रोवी नावाची खारट, चपटी, पापुद्र्यांची पोळीसारखी ब्रेडची वडी पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत होते. चिप्सच्या दुकानांत तळणाला 'ड्रिपिंग', म्हणजे गाईची वितळवलेली चरबी, वापरण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे शाकाहारी माणसाने नुसते बटाट्याचे चिप्ससुद्धा विचारूनच घ्यावेत. विचारण्यात संकोच कसला? दुकानदार सरळ उत्तर देतात आणि पाकिटावर घटक छापलेले असतात.

शाकाहारी मंडळींनी लेख इथेच सोडू नये. एडिनबरोच्या मॅकस्वीन या कंपनीने १९८४ साली शाकाहारी हॅगिस बाजारात आणलं. डाळी, राजमा, ओट्स, बिया, भाज्या आणि तोच मिऱ्याचा झणका. आज ते कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, आणि मला विचाराल तर मांसाहारी माणसानेही पहिली ओळख त्याच्यापासूनच करावी. मसाला ओळखीचा झाला की पुढे मांसाची धास्ती निम्मी उरते.

घास घेण्याचे थोडे नियम

नवी चव एका घासात बसत नाही. तोच पदार्थ काही दिवसांच्या अंतराने, थोडा थोडा, चार-पाच वेळा समोर आला की डोकं त्याला परका मानणं सोडतं. लहान मुलांना कारलं खायला आपण असंच शिकवतो. म्हणून पहिल्या वेळी पूर्ण प्लेट मागवू नका. दोन चमचे पुरेत, आणि तेही भूक लागलेली असताना. पोट भरलेलं असलं की नाक जास्त खोड्या काढतं.

वासाची भीती वाटत असेल तर पदार्थ वाफाळता असताना त्यावर वाकून हुंगू नका. घास तोंडात घ्या, चावा, आणि मग नाकाने श्वास सोडा. चवीतला मोठा भाग तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात चढणाऱ्या वासाचाच असतो, आणि तो बाहेरून आलेल्या वासापेक्षा कितीतरी सौम्य लागतो. सुक्या बोंबलाचं तेच आहे: भाजताना शेजारी दार लावून घेतात, पण ताटात आल्यावर सगळ्यांना हवा असतो.

एक चूक मात्र मी स्वतः केली, ती तुम्ही करू नका. उल्लापूलहून स्टॉर्नोवेला जाणाऱ्या बोटीत बसायच्या अर्धा तास आधी मी किपर खाल्ले, म्हणजे चिरून, खारवून, धुरावलेली हेरिंग मासळी. समुद्र खवळलेला होता. अडीच तासांच्या त्या प्रवासात जे व्हायचं ते झालं, आणि नंतर दोन वर्षं किपरचा वास आला तरी पोट ढवळायचं. मासळीचा काहीच दोष नव्हता, पण खाल्ल्यावर लगेच आजारी पडलं की मेंदू ते त्या चवीच्या खात्यावर मांडतो आणि ते खातं पुसायला फार वेळ लागतो. नवी चव घ्यायची ती जमिनीवर आणि तब्येत बरी असताना.

पहिली पायरी: ओट्स

इथला उन्हाळा छोटा, थंड आणि ओला. बऱ्याच भागांत गहू नीट पिकत नाही, ओट्स आणि बार्ली पिकतात. त्यामुळे या देशाच्या स्वयंपाकात ओट्सची जागा आपल्याकडच्या ज्वारी-नाचणीची आहे. हॅगिसमध्ये ओट्स, ब्लॅक पुडिंगमध्ये ओट्स, मासळीला घोळवायला ओट्स, गोडातही ओट्स. जिभेला हे धान्य ओळखीचं झालं की पुढच्या प्रत्येक पदार्थात एक ओळखीचा माणूस भेटतो.

आपल्याकडे पाकिटात मिळणारे चपटे ओट्स इथे विसरा. 'पिनहेड' नावाचे कापलेले ओट्स आणा, ते लापशीच्या दलियासारखे दिसतात. दोघांसाठी अर्धी वाटी ओट्स दीड वाटी पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, लागेल तसं गरम पाणी घाला. ढवळायला इथे 'स्पर्टल' नावाचा लाकडी दांडा वापरतात, कारण त्याने ओट्स चेचले जात नाहीत. रवीचा उलटा दांडाही चालतो. मीठ शेवटी, चिमूटभर. साखर नाही, केळं नाही, दालचिनी नाही. वाटीत पॉरिज घ्या, शेजारी दुसऱ्या वाटीत थंड दूध किंवा साय ठेवा आणि प्रत्येक गरम चमचा त्या दुधात बुडवून खा. कोकणातली मिठाची पेज ज्याने आजारपणात आणि एरवीही खाल्ली आहे, त्याला ही चव समजावून सांगावी लागत नाही. कारब्रिज या गावात १९९४पासून पॉरिज बनवण्याची जागतिक स्पर्धा भरते, आणि तिच्या मुख्य फेरीत ओट्स, पाणी आणि मीठ यांखेरीज काहीही चालत नाही. मला हे फार आवडतं.

सोबत ओटकेक आणा. भाकरीच्या कडकडीत तुकड्यासारखी ही बिस्किटं असतात. त्यांवर क्राउडी नावाचं ताज्या छन्यासारखं मऊ चीज लावून खायचं.

दुसरी पायरी: धूर आणि मासळी

स्कॉटलंडचा खरा ऐवज मला इथे दिसतो. पण धुरावलेल्या मासळीचे प्रकार वेगळे असतात आणि त्यांत गोंधळ झाला तर पोट बिघडेल, म्हणून नीट सांगते.

आरब्रोथ स्मोकी: हॅडॉक मासळी साफ करून, खारवून, दोन-दोनच्या जोडीने शेपट्यांना बांधून लाकडाच्या जाळावर, झाकलेल्या पिंपात धुरावतात. धूर गरम असल्याने मासा त्यातच शिजतो, त्यामुळे ती आणून तशीच खाता येते. मूळ गाव ऑकमिथी, आरब्रोथच्या उत्तरेला. २००४पासून या नावाला भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे: आरब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत बनलेलीच स्मोकी 'आरब्रोथ स्मोकी' म्हणवू शकते. शक्य असेल तर गावात जाऊन पिंपातून काढलेली गरमागरम घ्या, कागदावर ठेवून हाताने काटे काढत खा. बोंबील, पेडवे खाणाऱ्या माणसाला काट्यांचं काय कौतुक?

फिनन हॅडी: तोच हॅडॉक, पण थंड धुरात ठेवलेला, म्हणजे आतून कच्चाच. शिजवल्याशिवाय खायचा नाही. दुकानात दोन रंगांचे तुकडे दिसतात, एक भडक पिवळा आणि एक फिकट. पिवळेपणा रंग घालून आणलेला असतो. फिकट घ्या.

याच मासळीचं कलन स्किंक नावाचं दाट सूप होतं. मरे किनाऱ्यावरच्या कलन गावाचं हे सूप नवख्या माणसाला देण्यासारखा सर्वांत उत्तम स्कॉटिश पदार्थ आहे, कारण दूध आणि बटाटा मिळून धुराला मवाळ करतात. चार जणांसाठी ४०० ग्रॅम थंड धुरातला हॅडॉक, अर्धा किलो पिठूळ बटाटे, एक मोठा कांदा, दोन चमचे लोणी, अर्धा लिटर दूध. मासा दुधात ठेवून अगदी मंद आचेवर सात-आठ मिनिटं गरम करा, दूध उकळू देऊ नका. मासा बाहेर काढून साल आणि काटे काढा, मोठे तुकडे ठेवा. दूध गाळून बाजूला. दुसऱ्या भांड्यात लोण्यावर कांदा मऊ करा, लाल करू नका, ही आपली भाजी नाही. त्यावर बटाट्याच्या फोडी आणि बुडेल एवढं पाणी. बटाटे शिजले की निम्मे तिथेच घोटा, म्हणजे सूप आपोआप दाट होतं. मग दूध, शेवटी मासा, मिरपूड. मीठ सर्वांत शेवटी चाखून, कारण मासळीत ते असतंच. हळद आणि हिरव्या मिरचीकडे हात जाईल. पहिल्या तीन वेळा आवरा. चौथ्यांदा घाला, मीही घालते.

किपर घरात करायचे तर तव्यावर तळू नका, वास चार दिवस जात नाही. उंच भांड्यात शेपटी वर ठेवून मासळी उभी करा, उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, सहा मिनिटांनी काढा. वर लोणी. बस.

तिसरी पायरी: हॅगिस

आता वेळ आली. काय असतं ते एकदा स्पष्ट ऐकून घ्या, कारण अर्धवट माहितीनेच किळस वाढते. मेंढीचं हृदय, कलेजी आणि फुप्फुस शिजवून बारीक करायचं, त्यात भाजलेले ओट्स, सूइट, कांदा, मीठ, भरपूर मिरी, आणि धणे, जायफळ, जायपत्री यांपैकी ज्याची त्याची निवड. हे सारण मेंढीच्या जठराच्या पिशवीत भरून उकळायचं. आता पिशवी बहुधा कृत्रिम असते आणि ती खायची नसते. धणे-मिरी-जायफळ हे मसाले आपल्या डब्यातले आहेत, हे लक्षात आलं आणि माझी निम्मी भीती गेली. फुप्फुसामुळे सारण हलकं आणि भुसभुशीत राहतं. अमेरिकेत १९७१पासून खाण्याच्या पदार्थांत फुप्फुस वापरायला बंदी असल्याने अस्सल स्कॉटिश हॅगिस तिकडे विकता येत नाही.

जनावर मारलं तर त्यातलं काही वाया घालवायचं नाही, आणि जे लवकर नासतं ते आधी खायचं, या गरजेतून हा पदार्थ आला. आपल्याकडे बकरा पडला की कलेजी आणि वजडी त्याच दिवशी चुलीवर चढते, ती याच कारणाने.

पहिला चमचा कुठे घ्यावा? माझा सल्ला: न्याहारीच्या ताटात. 'फुल स्कॉटिश' न्याहारीत अंडं, बटाट्याची पातळ पोळी म्हणजे टॅटी स्कोन, टोमॅटो, मशरूम यांच्यासोबत हॅगिसची एकच चकती येते. नाही आवडली तर बाकीचं ताट आहेच. ग्लासगोतल्या भारतीय-पाकिस्तानी हॉटेलांत हॅगिसची भजी मिळतात, तीही चांगली सुरुवात, फक्त त्यात बेसन आणि चटणीच जास्त बोलतात.

घरी करायचं तर खाटकाकडून आणा. ते शिजवलेलंच असतं, आपण फक्त आतपर्यंत कडक गरम करायचं. साधारण ४५० ग्रॅमचं एक हॅगिस तिघांना पुरतं. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, बोटभर पाणी घातलेल्या भांड्यात ठेवून, १८० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर ते प्रमाण माना. कापताना चेहरा लांब ठेवा, वाफ आणि गरम चरबी उसळते.

सोबत 'नीप्स' आणि 'टॅटीज'. टॅटीज म्हणजे कुस्करलेला बटाटा. नीप्सचा घोळ होतो: इंग्लंडमध्ये ज्याला स्वीड म्हणतात तो जांभळट सालीचा, आतून पिवळा, जड कंद हवा. पांढरा सलगम नको. त्याच्या फोडी वीस-पंचवीस मिनिटं उकडून, पाणी पूर्ण निथळून, लोणी आणि मिरपूड घालून कुस्करा. आणि घास घेताना तिन्ही एकत्र घ्या. नुसतं हॅगिस कोरडं आणि तिखट लागतं, कंदाचा गोडवा आणि बटाट्याची मऊ साथ मिळाली की ते जुळून येतं. वरण-भाताशिवाय नुसतं लोणचं चाखून लोणच्याबद्दल मत बनवण्यासारखं ते होईल.

२५ जानेवारीला कुणी घरी बोलावलं तर नक्की जा. कवी रॉबर्ट बर्न्स याचा तो जन्मदिवस, तो १७५९ साली ऑलोवेला जन्मला. त्या रात्री हॅगिस बॅगपाइपच्या सुरात मिरवत आणतात, तेव्हा सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. मग कुणीतरी बर्न्सची हॅगिसला उद्देशून लिहिलेली कविता म्हणतं आणि ठरावीक ओळीला सुरी खुपसून ते उघडतं. शब्द कळले नाहीत तरी घाबरू नका, ती जुनी स्कॉट्स भाषा आहे. सलामीला व्हिस्की असते, पण न पिणाऱ्याने पाण्याचा पेला उंचावला तरी कुणी वाईट मानत नाही. शेवटच्या गाण्यात सगळे गोल करून हात धरतात. हातांची फुली मात्र शेवटच्या कडव्यालाच घालायची, आधी नाही.

चौथी पायरी: ब्लॅक पुडिंग

माझ्यासाठी सर्वांत अवघड हेच होतं. रक्त, ओट्स, सूइट आणि कांदा यांचं हे जाड, काळं सॉसेज. स्टॉर्नोवेच्या ब्लॅक पुडिंगला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते इतरांपेक्षा खरंच चांगलं असतं: ओट्स जाडसर, चव खोल, रबरासारखं लागत नाही. गोव्यात सोरपोतेल खाल्लेल्यांना किंवा कोल्हापूरकडे रक्ती खाणाऱ्यांना रक्ताची धातूसारखी चव नवी नाही. बाकीच्यांनी सेंटिमीटरभर जाडीची चकती कापून, कोरड्या तव्यावर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं, कडा कुरकुरीत होईपर्यंत परतावी आणि सोबत आंबट सफरचंदाच्या फोडी लोण्यात परतून घ्याव्यात. मला सफरचंदानेच तारलं. आंबटपणाने जडपणा कापला जातो, जसं मटणावर लिंबू.

दुकानातून जाताजाता

चिप्सच्या दुकानात 'हॅगिस सपर' म्हणाल तर पिठात बुडवून तळलेलं हॅगिस आणि चिप्स येतात. 'सपर' म्हणजे चिप्ससकट. एडिनबरोत वर मीठ आणि पातळ तपकिरी सॉस विचारतात, ग्लासगोत मीठ आणि व्हिनेगर. यावरून दोन्ही शहरांत मनापासून वाद होतात. सोबत आयर्न-ब्रू घ्या, १९०१पासूनचं नारिंगी पेय. चव कशासारखी म्हणाल तर सांगता येत नाही. गारेगार प्या.

व्हिस्कीबद्दल थोडंच. आयला बेटावरच्या लाफ्रॉयग, आर्डबेग यांत पीट नावाच्या दलदलीतल्या मातीच्या धुराचा, आयोडिनसारखा वास असतो. तिथून सुरुवात करू नका. स्पेसाइडची बिनधुराची घ्या, त्यात पाण्याचे काही थेंब टाका, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. आणि स्कॉटलंडमध्ये गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडच्या ८०पेक्षा बरीच कमी. चालवायचं असेल तर एकही घेऊ नका.

गोडाला सवय लागत नाही, लगेच जमतं. टॅबलेट म्हणजे साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची रवाळ वडी. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक सासूबाईंनी ती बर्फीच्या डब्यात भरून नेली आहे.

लुईस बेटाच्या नेस भागातले लोक सूला स्गेर या निर्जन खडकावरून गॅनेट पक्ष्यांची पिल्लं आणून खारवतात, त्याला 'गूगा' म्हणतात. त्यासाठी सरकारी परवाना लागतो. हे हॉटेलात मागण्याचं खाणं नव्हे. तिथल्या कुणी घरी बोलावून वाढलं तरच खावं.

उरलेल्या हॅगिसचं काय करावं

हे आमच्या घरचं, पण दर वर्षी २६ जानेवारीला होतं. उरलेलं हॅगिस आणि कुस्करलेला बटाटा समप्रमाणात मळा. आलं, लसूण, हिरवी मिरची ठेचून घाला, भरपूर कोथिंबीर. मीठ घालू नका, हॅगिसमध्ये आहे. लिंबाएवढे गोळे करा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर तेलात फुटतात. बेसनात हळद, तिखट, थोडं तांदळाचं पीठ घालून बटाटेवड्यापेक्षा किंचित दाट भिजवा. मध्यम आचेवर तळा, म्हणजे आतलं आतपर्यंत तापेल. पावात सुकी लसणाची चटणी. हॅगिसला नाक मुरडणारी माझी चुलत बहीण यातले चार खाऊन मग विचारत होती, आत काय होतं.